जिलबीच्या तेलावरचा ट्रक

मल्हारीचा ट्रक गेला की मागं जिलबीचा वास राहायचा. पोरं मागं पळायची, कुत्री पळायची, आणि चतुर्थीला उपाशी बसलेल्या सरुबाईंनी तर एकदा दारात येऊन त्याला पोटभर शिव्या घातल्या होत्या. मल्हारीचं काय चुकलं? पंपावर डिझेलला लिटरमागं नव्वदच्या वर रुपये ओतायचे, वर "मीटरचं शून्य बघा" म्हणणाऱ्याकडं बघून हसायचं, आणि भाजीचं भाडं मात्र तीन वर्षांपूर्वीचंच घ्यायचं. ज्यांना ही लूट दिसत नाही त्यांनी जिलबीच्या वासाला नाक मुरडू नये.

तर त्यानं गाडीला दुसरी टाकी बसवली. ढाब्यांवरचं, हॉटेलांतलं तळून तळून काळं झालेलं तेल आणायचं, बायकोच्या जुन्या सुती साडीतून दोनदा गाळायचं आणि त्या टाकीत भरायचं. गाडी डिझेलवर सुरू करायची, इंजिन तापलं की कॉक फिरवून तेलावर घ्यायची. बंद करण्याआधी पुन्हा डिझेलवर आणून पाच मिनिटं चालवायची, म्हणजे नळीत तेल उरत नाही. एवढा एकच नियम. हाच जुगाड एखाद्या टायवाल्यानं केला असता तर त्याला शाल-नारळ मिळाला असता. मल्हारीला मिळाली धमकी.

धमकी आशाची, म्हणजे त्याच्या बायकोची. ट्रक तिच्याच नावावर. महिन्याभरात गाडी दोनदा रस्त्यात मेली, दोन्ही वेळा गाडीतला फ्लॉवर पिवळा पडला आणि शेतकऱ्यांची बोलणी आशानं खाल्ली. मालेगावचा भंगारवाला येऊन टायरांना लाथा मारून गेला. मग आशानं सांगून टाकलं, मंगळवारी मी सोबत येते. सायखेड्यातून नाशिकच्या मार्केटला गाडी बंद न पडता पोचली तर ठेवायची, नाहीतर बुधवारी भंगारात.

मंगळवार उजाडला तो निफाड तालुक्यातल्या जानेवारीसारखाच, बोटं वाकत नव्हती. गावात लग्न होतं. आचाऱ्यानं पहाटेच जिलबीचा घाणा काढला होता आणि कढईतलं उरलेलं दोन डबे तेल मल्हारीला गरमागरम देऊन टाकलं. काळं नाही, जळकं नाही, पिवळंधमक. इतकं देखणं तेल मल्हारीनं आयुष्यात पाहिलं नव्हतं. गरम होतं तोवर गाळलं आणि टाकीत ओतलं.

गोदावरीचा पूल ओलांडेपर्यंत इंजिन तापलं. कॉक फिरवला. गाडी लोण्यासारखी पळायला लागली. आशा शाल गुंडाळून गप्प बसली होती, मल्हारीला ती शाबासकीच वाटली. चांदोरीला चहासाठी थांबला तेव्हा छाती इतकी फुगली होती की नियम तिच्याखाली चेंगरला. त्यानं तेलावरच गाडी बंद केली आणि टपरीवर अर्धा तास अख्ख्या देशाचं इंधन धोरण बदलून टाकलं.

टपरी सोडून दोन किलोमीटर गेला नाही तोच इंजिननं गुळणी केल्यासारखा आवाज काढला आणि गाडी ओळखीच्या सावळीरामच्या द्राक्षबागेशेजारी थांबली. थंडीनं मणी तडकू नयेत म्हणून सावळीरामनं ओळींमधून शेकोट्या पेटवल्या होत्या. मल्हारीनं आशाला सांगितलं की सावळीरामशी दोन मिनिटांचं काम आहे, म्हणून थांबलो. उतरून त्याच्याकडं गेला आणि इंजिन शेकायला हळूच घमेलंभर निखारे मागितले.

सावळीरामनं त्याच्या खांद्यावरून बघत मोठ्यानं विचारलं, "वहिनी, गाडी बंद पडली का काय?"

आशा उतरली. तोवर मल्हारीनं बोनेट उचलून फिल्टर खोलला होता. आत पांढरंफटक, थापलेल्या वडीसारखं घट्ट. मल्हारी लगेच सुरू झाला, पंपवाले डिझेलात भेसळ करतात, वरून खालपर्यंत सगळे मिळालेले आहेत. आशानं ते पांढरं बोटावर घेतलं, चोळलं, वास घेतला.

"हे वनस्पती तूप हाय. थंडीत गोठतं. कशात तळलं, आचाऱ्याला विचारलं होतं का?"

नव्हतं विचारलं. नळी केवढी हवी हे त्यानं तीन गावच्या मिस्त्र्यांना विचारलं होतं. थंडीत काय गोठतं हे वीस वर्षं चुलीपुढं बसलेल्या बाईला विचारायचं मात्र त्याला सुचलं नाही. आपल्याकडं बहुतेक शोध इथंच फसतात.

आशानं सावळीरामच्या शेकोटीवर तापत ठेवलेलं हंडाभर पाणी मागून घेतलं. फिल्टरवर, नळीवर स्वतः ओतलं, जपून, तांब्यातांब्यानं. मल्हारीनं कॉक डिझेलवर घेतला, हातपंप मारला. चौथ्या सेल्फला गाडी धूर ओकत उठली आणि अख्ख्या बागेत लग्नाचा वास पसरला. शेकोट्यांपाशी बसलेल्या मजूर बायका हसायला लागल्या.

मल्हारी हात पुसत उभा राहिला. खाली बघत म्हणाला, "मग उद्या भंगारवाला बोलवायचा का?"

सावळीराम लाकडं सारायचा थांबला.

"गाडी बंद पडली नाय," आशा म्हणाली. "तुमची अक्कल गोठली. ती भंगारात कोणी घेत नाय. तेल इथून पुढं मी बघून घेणार. चला, फ्लॉवर वाट बघतोय."

नांदूर नाक्यापर्यंत मल्हारी एक शब्द बोलला नाही. लग्न झाल्यापासून असं पहिल्यांदाच घडत होतं. आशानं शाल सैल केली, पाय लांब केले आणि मनाशी म्हणाली, एवढ्यासाठी तरी हा ट्रक ठेवायलाच पाहिजे.