थोरल्या वाडीची सरशी

सयाजी हवालदार पलटणीतून पेन्शन घेऊन आला, तो जिंकायची खोड संगतीला घेऊनच. बेंदराला बैल पळवायचे असोत की जत्रेतली कुस्ती असो, थोरल्या वाडीनं ओढ्यापलीकडच्या धाकट्या वाडीला चीत केलं की गड्याला दोन भाकरी जास्त जायच्या. माणूस वाईट नव्हता, पण ईर्षेला अंत नव्हता.

अठ्ठ्याहत्तर साली इस्लामपुराकडच्या या दोन गावांत चिंतामण डॉक्टर आले. तव्यावर तंबाखू जाळून केलेली मिश्री बाया दातांना लावतात, तिनं तोंडात पांढरे चट्टे पडतात आणि त्यातल्या काहींचा पुढं कॅन्सर होतो, हे त्यांनी चावडीवर समजावून सांगितलं. थोरल्या वाडीत घरोघर फिरून मिश्री सोडवायची, धाकटीत नुसती तोंडं तपासायची आणि वर्षानं दोन्हीकडचे चट्टे मोजायचे. मिश्री सुटल्यानं दुखणं टळतं का, ते त्यावरून कळणार होतं. मोजणीत कुणाच्या तोंडात जखम दिसली तर गाव कुठलंही असो, तिला लगेच मिरजेच्या दवाखान्यात नेऊ, असंही ते म्हणाले. हे शेवटचं सयाजीच्या एका कानातून शिरून दुसऱ्यातून गेलं. दोन गावं आणि वर्षानं मोजणी, एवढंच त्याच्या डोक्यात बसलं.

मग काय विचारता! पहाटे उठून हा दारोदार हिंडायचा. कुठं तंबाखू जळल्याचा वास आला की तवा उचलून चावडीत आणून टाकायचा. बाया तोंडावर पदर धरून हसायच्या, मागं शिव्या घालायच्या, पण पुष्कळजणींनी मिश्री खरंच सोडली. सयाजीची बायको बनुबाई हिनं तर सगळ्यांत आधी सोडली. हवालदारीणच ती, तिला दुसरा इलाज होता का?

पण जुना चट्टा काय हुकमावर मागं फिरतो? मोजणीच्या आदल्या दिवशी बनुबाईनं गाल ओढून नवऱ्याला दाखवला. आत पांढरं पडलं होतं आणि मधोमध चिरल्यासारखं लाल झालं होतं. चटणी लागली की जीव जातो, उद्या डॉक्टरला दावते, असं ती म्हणाली. सयाजीनं आधी दार लावून घेतलं. बायकोची काळजी वाटली असती तर बरं होतं. या शहाण्याला काळजी पडली ती मोजणीची. हवालदाराच्याच घरात चट्टा निघाला तर धाकटी वाडी हलगी लावून नाचेल, एवढंच त्याला दिसलं.

"तू उद्या म्हायेरी जा," तो म्हणाला. "तोंड मिटून ऱ्हा. गावाच्या इज्जतीचा सवाल हाय."

बनुबाई पहिल्या एसटीनं कवठे महांकाळला गेली. चट्टेवाल्या चंद्राबाईला त्यानं उसाच्या फडात धाडलं, शालूबाईला लेकीकडं. थोरली वाडी जिंकली. डॉक्टर बिचारे खूश झाले, पोरांनी गुलाल उधळला. त्याच दिवशी धाकट्या वाडीत नाथाजी पैलवानाच्या गोदावरीच्या तोंडात जखम सापडली आणि तिला मिरजेला नेलं. सयाजीनं पानाच्या टपरीवर त्यावरूनही नाथाजीची टिंगल केली.

संक्रांतीपर्यंत बनुबाई भाकरी दुधात कुस्करून खाऊ लागली. तूप लाव, हळद लाव, असं सयाजीचं चाललं होतं. डॉक्टरकडं जायचं तर मोजणीचा विषय निघणार, म्हणून तो दिवस ढकलत राहिला.

मग एका बाजारच्या दिवशी त्याला नाथाजी आणि गोदावरी दिसली. बाई गरम भजी खात होती. मिरजेला वेळेत कापून काढलं, आता काही नाही, असं नाथाजीनं सांगितलं. त्यात टोमणा नव्हता, तेच वाईट झालं.

"आमी हारलो म्हनून वाचली रं, गड्या," तो म्हणाला.

सयाजीला भुई फाटून पोटात घेईल तर बरं असं झालं. बाजार न करताच तो रिकामी पिशवी घेऊन घरी आला. त्या आठवड्यात डॉक्टर धाकट्या वाडीच्या देवळात बसत होते. ज्यांना त्यानं पळवलं होतं त्या सगळ्या बायांना बैलगाडीत घालून, भर उन्हात, सगळ्यांच्या देखत तो ओढा उतरून गेला. पारावरची माणसं उठून उभी राहिली. हसलं कुणी नाही. कुणीतरी हसावं, असं त्याला फार वाटलं.

पहिली बनुबाई बसली. डॉक्टरांनी बॅटरी लावली आणि तोंड उघडायला सांगितलं. ती उघडेना. तिनं मान वळवून देवळाच्या दाराशी उभ्या राहिलेल्या नवऱ्याकडं पाहिलं. त्या नजरेत राग असता तर त्याला सोसला असता.

"आवं," ती हळूच म्हणाली, "आता उघडू का?"

सयाजीनं डोक्यावरचा पटका काढला आणि मान हलवली. डॉक्टर वाकून आत बघत राहिले. मग बॅटरी विझवून त्यांनी मिरजेच्या दवाखान्याची चिठ्ठी लिहायला घेतली.