मार्थाबाईंच्या हातातली चिपळी

मित्रांनो, पनवेलच्या आपल्या लहानशा चर्चमध्ये एक काचेचे कपाट आहे. त्यात जाड बायबलाशेजारी लाकडाचे दोन काळपट तुकडे दिसतात ना, तीच मी. मी एक जुनी चिपळी आहे.

माझा जन्म बळीराम सुताराच्या अंगणातला. तो बैलगाडीची चाके करी. चाकातून उरलेला शिसवी तुकडा काशिराम मास्तरांनी मागून घेतला, त्याला पितळेच्या चकत्या बसवून घेतल्या आणि मला वाचा फुटली. मास्तर प्रभू येशूच्या गोष्टी कीर्तनातून गात. नुसत्या उपदेशाला पेंगणारी माणसेसुद्धा त्यांच्या कीर्तनाला ताठ बसत.

१९५१ साली मास्तरांच्या छातीने दगा दिला. दोन पायऱ्या चढल्या तरी धाप लागे, मग गाणे कुठले? त्यांनी मला मिस मार्थांच्या हातात ठेवले. या बाई स्कॉटलंडहून मिशनच्या कामासाठी आल्या होत्या. पहाटे गुडघे टेकून प्रार्थना, मग दवाखान्यात खरूज-फोडांची मलमपट्टी, दुपारी मराठीचा धडा, असा त्यांचा दिवस जाई. आता त्यात माझी भर पडली.

मी काही लगेच वश झाले नाही. त्यांच्या बोटांना फोड आले. त्यांनी चिंधी बांधली आणि मला पुन्हा उचलले. मास्तरांची मुलगी शांती पेटीवर साथ करी. बाईंची चिपळी ऐकून कडी वाजली असे समजून शेजारीण दार उघडायला धावते, असे ती चिडवी. बाई हसत, पण मला खाली ठेवत नसत.

त्याच पावसाळ्यात मुंबईहून मिशनच्या मोठ्या साहेबांचे पत्र आले. खेड्यांत ऐकायला कोणी थांबत नसेल, तर तिथले काम बंद करावे आणि नाताळ झाला की मिस मार्थांनी मायदेशी परतावे, असे त्यात होते. बाईंनी ते दोनदा वाचले, घडी करून बायबलात ठेवले आणि मला हातात घेतले.

दिवाळीनंतर आम्ही बैलगाडीने जवळच्या आपटा गावी गेलो. आख्यान होते हरवलेल्या कोकराचे. बाईंनी सगळे तोंडपाठ केले होते. एक शब्द चुकला नाही, एक ठोका हुकला नाही. तरीही माणसे एकेक करून उठली. शेवटी गोदू नावाची एक म्हातारी तेवढी उरली. ती गाडीपाशी आली नि म्हणाली, "बाय, तुमी गाता बरा. पन सगला तुमीच गाता. आमी काय नुसता बगत बसाचा?"

बाईंना काही उमगले नाही. घरी मास्तरांनी खाटेवर पडल्या पडल्या सगळे ऐकून घेतले. मग म्हणाले, "बाई, तुमच्या देशात उपदेशाच्या मध्ये कोणी तोंड उघडलं तर त्याला वेडा ठरवतील. इथे कोणी तोंड उघडलं नाही, तर कीर्तनच झालं नाही. ओळ अर्धी सोडा. उरलेली अर्धी त्यांची असते."

मित्रांनो, गाण्यापेक्षा थांबणे त्यांना फार जड गेले. सरावाला बाई अर्धी ओळ गात, थांबत आणि घाबरून उरलेली अर्धीही स्वतःच गाऊन टाकत. शांतीने एकदा तर सरळ त्यांच्या तोंडावर हात ठेवला. महिनाभर रोज हेच चालले.

नाताळाच्या आधी आम्ही पुन्हा आपट्याला गेलो. या वेळी साहेब स्वतः आले होते, खुर्चीवर घड्याळ बघत बसले होते. बाईंनी आख्यान लावले आणि ध्रुवपदाची पहिली अर्धी ओळ गायली :

"कोकरू चुकले डोंगरी..."

आणि त्या थांबल्या. समोर कोणी ओठ हलवला नाही. मी एकटीच वाजत होते. एक आवर्तन गेले. दुसरे गेले. साहेब खाकरले. बाईंच्या तळव्याचा घाम माझ्या लाकडात उतरत होता, पण त्यांनी ओठ घट्ट मिटून ठेवले. तिसऱ्या आवर्तनाला मागून गोदूचा चिरका आवाज आला, "आणा कुणी माघारी..."

मग सगळा जमाव उचलून गाऊ लागला. पुढे गावात कोणीतरी गोदूला टोमणा मारला, तू पाद्र्यांच्या कीर्तनात कशी गायलीस म्हणून. ती म्हणाली, "देव ज्याचा त्याला. पन चुकल्या कोकराला हाक सगल्यांनी माराची."

साहेबांनी बाईंचे परतीचे तिकीट काढले नाही. बाई आणखी अकरा वर्षे राहिल्या. १९६२ साली निघताना त्यांनी मला सामानात बांधले होते. गाडी दाराशी आल्यावर ट्रंक पुन्हा उघडली आणि मला शांतीच्या हातात दिले. "मी एकटीने वाजवली, तर उरलेली ओळ तिकडे कोण म्हणणार?" एवढेच म्हणाल्या.

पुढे शांती सासरी गेली. चर्चमध्ये लाउडस्पीकर आला आणि मी कपाटात आले. मला दर रविवारी पुसतात, पण वाजवत नाहीत. पितळेवर हिरवट डाग चढले आहेत. आठवण म्हणून मला जपणाऱ्यांचे उपकार आहेत, पण मित्रांनो, चिपळी धुळीने मरत नाही, ती मुकेपणाने मरते. कपाटाला कुलूप नाही. मला बाहेर काढा, चकत्यांना थोडी चिंच लावा आणि गा. मात्र ओळ अर्धीच गा. समोरून लगेच उत्तर आले नाही, तर घाबरू नका. तिसऱ्या आवर्तनापर्यंत तरी थांबा.