शंभर नंबरची बाधा

सोलापुरात सात रस्त्याजवळच्या त्या रक्त तपासणीच्या लॅबमध्ये सोमवारी सकाळी पेशंटपेक्षा बघेच जास्त जमले होते. प्रिंटरला विभूती फासलेली, वर लिंबू ठेवलेलं आणि समोर खुर्ची टाकून दुधनीचे बुवा प्रभुअप्पा बसलेले. आठवडाभर रिपोर्ट कॉम्प्युटरमध्ये तयार होत होते, पण कागदावर धड उतरत नव्हते. अप्पांनी म्हणे त्याचं कारण शोधलं होतं.

ते कारण भिंतीला टेकून उभं होतं. नोंदणीच्या टेबलावर काम करणारी सिद्धेश्वरी.

“नोड्री, बघा,” अप्पा म्हणाले, “यंत्राला बी जीव हाय. गुरुवारी ही रजेवर, कागद आला. शुक्रवारी ही आली, बंद. शनिवारी मी हिला दाराबाहेर ठेवायला लावलं, परत आला. आज ही आत, आज बंद. अजून कसलं प्रमाण पायजे? हिची सावली लई जड हाय.”

गर्दीतल्या एका बाईनं आपलं पोर मागं ओढलं. मॅनेजर अनिलकुमार तिच्याकडे न बघता म्हणाले, “सिद्धेश्वरी, उद्यापासनं येऊ नको. माझा नाइलाज हाय.”

तिच्या जागी बसवायला अप्पांनी आपली भाची सुचवून ठेवली होती. साक्षात्कारात भाचीचं नाव, शिक्षण, सगळं आलं होतं.

कुंभारी गावातल्या घरात आई आणि ती, कमावती ती एकटीच. आणि जड सावलीची म्हणून एकदा नाव पडलं की दुसरं कोण कामाला ठेवणार? तिला रडू येत होतं. त्यातून अप्पांनी सांगितलेले वार खोटे नव्हते, तिनं स्वतः मोजले होते. खरंच आपल्यातच काही असेल तर, ही भीती तिला आतून पोखरत होती.

पण सकाळी तिनं एक काम केलं होतं. बटण दाबून धरलं की प्रिंटर स्वतःची माहिती छापतो. तसा कागद तिनं काढला होता, आणि तो तिच्या हातानं मुकाट्यानं निघाला होता. त्यावर प्रिंटरचा नेटवर्कवरचा नंबर होता एकशे एक. मुख्य कॉम्प्युटर मात्र रिपोर्ट शंभरला पाठवत होता. मग शंभर कोण? तिनं स्वतःचा कॉम्प्युटर तपासला. शंभर तोच होता.

“साहेब, एकदा ऐका,” ती म्हणाली. “मी रस्त्यावर जाऊन उभी राहते. माझा कॉम्प्युटर बंद ठेवा. मेन स्विच पाडून परत लावा, आणि सगळ्यांच्या आधी अप्पांचा मोबाइल वायफायला जोडा. रिपोर्ट छापणार न्हाय.”

अप्पा हसले. “जोडा की. पूजेतला मोबाइल हाय माझा.”

ती रस्ता ओलांडून पलीकडे गेली. काचेतून तिला नुसत्या पाठी दिसत होत्या. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मग अनिलकुमार स्वतः दारात आले.

“न्हाय आला कागद,” ते म्हणाले.

ती आत आली. “मग आता सावली अप्पांची जड म्हणायची का?”

“मोबाइलला दृष्ट लागली,” अप्पा पुटपुटले. या वेळी मात्र कुणी मान डोलावली नाही.

तिनं पुन्हा सगळं बंद केलं आणि सगळ्यांच्या आधी प्रिंटर लावला. त्याच्यावर हात ठेवून ती उभी राहिली. रिपोर्ट एकामागून एक बाहेर पडू लागले.

“गेल्या सोमवारी नेटवर्कचा, म्हणजे वायफायचा, जुना डबा जळाला, नवा बसवला,” ती म्हणाली. “जुन्यात शंभर नंबर प्रिंटरचा पक्का होता. नवा डबा रोज सकाळी जो आधी चालू होईल त्याला शंभर देतो, शाळेत आधी येणाऱ्याला पहिला बाक मिळतो तसा. मी सगळ्यांच्या आधी येते, कॉम्प्युटर लावते, शंभर त्याला. मी नसले की झाडलोट करणारी शिवबाई आधी प्रिंटर लावते, शंभर प्रिंटरला. मघाशी तो अप्पांच्या मोबाइलला मिळाला. रिपोर्ट माझ्या कॉम्प्युटरकडं गेले तर छापणार कोण? प्रिंटरला परत पक्का नंबर द्या, संपलं.”

अप्पांना यातलं काहीच कळत नव्हतं. योगायोग तेवढा ओळखता येत होता, आणि बुवाबाजीला तेवढं भांडवल पुरतं. ते चपला शोधत बाहेर पडले.

“उद्या ये वेळेवर,” अनिलकुमार हळूच म्हणाले.

“साहेब, मघाशी सगळ्यांसमोर बोललात. हे बी सगळ्यांसमोर बोला.”

त्यांनी घसा खाकरला. “चूक हिची न्हवती,” ते गर्दीला म्हणाले. “नंबरची होती.” मग तिच्याकडे बघून म्हणाले, “आणि माझी.”

दोन गोष्टी एकदम घडल्या म्हणून एकीनं दुसरी घडवली असं होत नाही. मधला दुवा शोधावा लागतो. तो सापडेपर्यंत कुणा माणसाला दाराबाहेर काढू नये, एवढं शहाणपण आपण सगळ्यांनी बाळगायला हवं.