फ्लेक्समागचे अप्पा

मित्रांनो, मंद्रूपकडून आमच्या गावात शिरायचं तर आधी माझ्याखालूनच यावं लागतं. मी गावाची कमान. दगडाची, थोडी जुनी आणि बरीच मानी!

दिल्लीला, मुंबईला, पार पॅरिसलाही मोठमोठ्या कमानी आहेत म्हणे. कुणी लढाई जिंकली म्हणून बांधली, कुणी राजा आला म्हणून. माझ्याखालून कुठला राजा जातोय! जातात उसाच्या ट्रॉल्या, शाळेची पोरं आणि वराती. पण मला बांधलं ते वीरभद्रप्पासाठी. आमचा हा जवान सीमेवर गेला, तो परत आलाच नाही. गावानं दगड आणला आणि मौलाली गवंड्यानं माझ्या माथ्यावर त्याचं नाव कोरलं. कोरताना मौलालीचे डोळे सारखे भरून यायचे.

वीरभद्रप्पाची लेक चंद्रिका तेव्हा रांगत होती. तिची आई शिवबाई तिला कडेवर घेऊन यायची आणि "ह्ये बघ तुजं अप्पा," म्हणून नाव दाखवायची. पोरगी अक्षरं शिकली ती माझ्याकडे बघत.

सासरी निघालेली लेक माझ्या पायाशी नारळ फोडूनच गाव सोडते, ही आमच्याकडची रीत. आता चंद्रिकाचं लग्न ठरलं होतं; तीही अप्पांचा निरोप घ्यायला येणार होती. ती जाणार म्हणून वाईट वाटायचं, तरी त्या एका भेटीसाठी मी झुरत होते.

आणि काय सांगू! लग्नाच्या आदल्या दिवशी माझ्या माथ्यावर हा भला मोठा फ्लेक्स चढला. चंद्रिकाला शुभेच्छा, सोबत तिचा हसरा फोटो. बांधणारा तिचा सख्खा काका गुरुशांत. लई हौसेनं बांधला हो त्यानं! भावाचं नाव झाकलं गेलं, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. मला ओरडावंसं वाटलं, पण दगडाला आवाज कुठला?

दुसऱ्या दिवशी नवरीची जीप आली. नवऱ्याकडचे, मैंदर्गीचे वऱ्हाडी घाई करत होते. चंद्रिकानं नारळ घेतला, वर पाहिलं आणि तशीच उभी राहिली.

"फोड की गं," काका म्हणाला. "बघ, फोटो कसा झ्याक आलाय!"

"काका, मला काढा की तितनं," ती रडत म्हणाली. "माझं अप्पा दिसंनात."

गुरुशांतचा चेहरा खर्रकन उतरला. फेटा सावरत तो जीपच्या टपावर चढला आणि त्यानं दोऱ्या सोडल्या. चंद्रिकानं नाव मोठ्यानं वाचलं. नारळ फोडला. "येते, अप्पा," म्हणाली.

गाडी दिसेनाशी झाली. तिच्यामागं जावं असं फार वाटलं मला.

मित्रांनो, तुमच्याही गावात अशी कमान असेल. तिच्यावर काही बांधण्याआधी तिथलं नाव वाचा. कुणाची तरी लेक निरोप घ्यायला येणार असते, आणि भेटायला तिच्याजवळ तेवढं एक नावच उरलेलं असतं.