टिल्लीचे केस मी कापले

मित्रांनो, मी केस कापायची एक जुनी हातमशीन आहे. मला वीज लागत नाही, बॅटरी लागत नाही. माझ्या दोन दांड्या मुठीत दाबायच्या आणि सोडायच्या, की पुढची दातेरी पाती एकमेकींवर सरकतात आणि केस खाली पडतात. तुमच्यापैकी बहुतेकांनी माझ्यासारखी मशीन पाहिलीही नसेल.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. जाड चष्म्याच्या एका कामगाराने माझा एकेक दात कानशीने घासला आणि मला आधी स्वतःच्या मनगटावर चालवून पाहिले. पुढे एका सलूनवाल्याने दुकान थाटले, तेव्हा मला विकत आणले. तो माझा मालक. त्याचा हात फार हलका होता. मी मानेवरून फिरू लागले की गिऱ्हाइकांना डुलकी लागायची. हा केस कापतो की अंगाई गातो, असे लोक म्हणायचे आणि मी मनातल्या मनात फुगायचे. मग विजेची मशीन आली. माझी रवानगी खणात झाली, दात पडलेल्या कंगव्यांच्या शेजारी. माझ्या स्प्रिंगवर गंज चढला.

खणातून मी बाहेर आले ती टिल्लीमुळे.

टिल्ली ही मालकाची एकुलती एक मुलगी. नऊ वर्षांची, पण अंगाने एवढीशी, म्हणून टिल्ली. तिला रक्ताचा कर्करोग झाला होता. औषधांनी तिचे केस गळू लागले. ते उशीवर दिसत, ताटात पडत, तोंडात जात. शेवटी वैतागून तिनेच सांगितले, की सगळे काढून टाका. पण विजेच्या मशीनची घरघर ऐकली की ती अंग चोरून घ्यायची, कारण सलाइनचा पंपही तिच्या उशाशी तसाच घरघरत असे. वस्तऱ्याला डॉक्टरांची सक्त मनाई होती. जरासे कापले तरी रक्त थांबले नसते. तेव्हा मालकाला माझी आठवण झाली. त्याने माझा गंज घासून काढला, मला धार लावून आणली, आणि वॉर्डातल्या सिस्टरने मला स्पिरिटने पुसले.

मित्रांनो, मी हजारो डोक्यांवरून फिरले होते, पण मालकाची मूठ थरथरताना त्या दिवशी पहिल्यांदा अनुभवली. मी जीव मुठीत धरून चालले. एकही केस ओढला नाही. टिल्लीची आई भिंतीकडे तोंड करून उभी होती.

नेमके तेव्हाच जवळच्या चर्चचे म्हातारे पाळक वॉर्डात आले. ते दर आठवड्याला आजारी मुलांना भेटायला येत. धीर द्यावा म्हणून ते म्हणाले, येशूने सांगितले आहे की आपल्या डोक्यावरचे केसही देवाने मोजलेले आहेत.

मालकाचा हात थांबला. आवाज न चढवता तो म्हणाला, "मग हे खाली पडलेत, तेही मोजायला सांगा त्याला."

पाळक गुडघ्यांवर हात टेकत कसेबसे खाली बसले आणि फरशीवरचे केस हातांनी गोळा करू लागले. पलंगाखालचेही त्यांनी सोडले नाहीत. ते सगळे कागदात गुंडाळून त्यांनी टिल्लीच्या आईच्या हातात दिले आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आले आणि स्टुलावर बसले. काल आपण बोलायला नको होते, असे म्हणाले. त्यांचाही मुलगा लहानपणीच गेला होता. का गेला, याचे उत्तर त्यांना चाळीस वर्षांत मिळाले नव्हते. येशूनेही वधस्तंभावर मरताना देवाला हेच विचारले होते, की मला का सोडलेस, आणि वरून काही उत्तर आले नव्हते. म्हणून तर आपल्याला येशूला सोडून जाता आले नाही, एवढेच ते म्हणाले. मग टोपी काढून त्यांनी डोके मालकापुढे केले. कानांमागे जेमतेम चार पांढरे केस होते.

टिल्ली उशीवरून पाहत होती. ती म्हणाली, "यांचे मोजायला देवाला काही वेळ लागला नसेल."

पाळक हसले. आई हसली. मालकही हसला आणि हसता हसता टॉवेलात तोंड खुपसून रडला.

त्यानंतर मालक पाळकांची वाट पाहू लागला. तो त्यांना उलटसुलट प्रश्न विचारायचा. काहींची उत्तरे मिळायची, काहींना ते सरळ "माहीत नाही" म्हणायचे. शेजारच्या खाटेवरच्या बाळाच्या आईने विचारले म्हणून मालकाने त्याचेही केस काढले, मग पलीकडच्या दोघींचे. सोमवारी सलून बंद असे. त्या दिवशी आम्ही दोघे खाटेखाटेवर जाऊ लागलो. प्रत्येक डोक्याला हात लावण्याआधी त्याचे ओठ हलत.

पण आजार हटला नाही. टिल्लीच्या तोंडात फोड आले, ताप उतरेना. एका दुपारी तिने विचारले, "बाबा, देव माझ्यावर रागावलाय का?"

"नाही गं. तो रागावलेला नाही. तो इथंच आहे, आपल्याजवळ."

हे आपण तिला धीर द्यायला बोललो की खरेच मानतो म्हणून, हे त्याचे त्यालाही कळले नसावे. पण मी त्याच्या खिशात होते आणि त्याचा हात माझ्यावर होता. तो थरथरत नव्हता.

चौथ्या दिवशी सकाळी टिल्ली गेली.

सलून बंद राहिले. मी घरात फळीवर पडून होते. मालक चर्चमध्ये जाऊन शेवटच्या बाकावर बसायचा. एकदा तो पाळकांना म्हणाला, की मी जे मागितले ते मला मिळाले नाही. पाळक फक्त "हो" म्हणाले आणि त्याच्याजवळ बसून राहिले.

मग एके दिवशी सिस्टरचा फोन आला. सात वर्षांची एक मुलगी कुणाला केसांना हात लावू देत नव्हती. मालक मला घेऊन गेला. वॉर्डाच्या दारात त्याचे पाय अडले. ती मुलगी टिल्लीच्याच खाटेवर होती.  मग आत गेला, तिच्यासमोर फरशीवर बसला, मला तिच्या हातात दिले आणि म्हणाला, "आधी माझे काप."

तिने दोन्ही हातांनी मला दाबले. त्याच्या कानाच्या वर, केसांत चांगला रुपयाएवढा चट्टा पडला. तो चट्टा घेऊनच त्याने दुसऱ्या दिवशी सलून उघडले. त्याच वर्षी त्याने बाप्तिस्मा घेतला. सोमवार त्याने कधी चुकवला नाही. या सोळा वर्षांत कितीतरी मुले बरी होऊन घरी गेली. कितीतरी गेली नाहीत. तो प्रत्येकाच्या खाटेशी सारखाच वाकला.

आता माझे दात झिजले आहेत. नवी मशीन घे, असे त्याला सगळे सांगतात.

टिल्लीची आई मात्र पुन्हा त्या वॉर्डात गेली नाही, चर्चमध्येही नाही. "तुम्ही जा," ती म्हणाली होती, "माझ्याच्यानं होणार नाही." मालकाने तिला कधी आग्रह केला नाही. मात्र दर रविवारी, तो प्रार्थनेला गेला की ती मला पिशवीतून काढते. माझ्या दातांत अडकलेले बारीक केस ब्रशने काढते, सांध्यात तेलाचे दोन थेंब सोडते. मग मला कानाशी धरून हळूहळू दाबत राहते, कुठला दात अडतोय का ते ऐकत.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या जुन्या वस्तूंना असेच जपा. कारण उद्या सोमवार असतो, आणि कुणाचे तरी डोके फार दुखरे असते.