दारापासून दारापर्यंत

सकाळी सव्वासातला नागपूरहून प्रणीतचा, माझ्या चुलतभावाचा, फोन आला. बाबा पहाटे झोपेतच गेले होते. बोलता बोलता तो रडायला लागला, मग सावरून म्हणाला, "शाल्मलीताई, काका विचारतायत, तुला यायला किती वेळ लागतो?"

"पावणेदोन तास," मी म्हणाले.

बारा वर्षं हेच सांगत आलेय मी. बंगळूरला नोकरी लागली तेव्हापासून, पोरगी फार लांब गेली असं कुणी म्हटलं की माझं उत्तर ठरलेलं. कसलं लांब, विमानाने पावणेदोन तास! बाबा एसटीत वाहतूक नियंत्रक होते, त्यांना हे कधीच पटलं नाही. "हवेतला वेळ नको सांगू. दारापासून दारापर्यंत किती, ते सांग," म्हणायचे. मी हसण्यावारी न्यायची. आणि पावणेदोन तासांवर तर आहे, जाऊ की पुढच्या महिन्यात, असं करत करत वर्षातून दोनदा जायची. एवढी शहाणी मी.

जे. पी. नगरच्या घराला कुलूप लावलं तेव्हा सात चाळीस झाले होते. पावणेबाराच्या आधी विमान नव्हतं. हेब्बाळच्या पुलावर टॅक्सी जी अडकली ती अडकलीच. "स्वल्प ट्रॅफिक, अक्का," ड्रायव्हर म्हणाला. तेवढ्यात प्रणीतचा मेसेज आला. काकांनी अकराला न्यायचं ठरवलं होतं, उन्हाच्या आत.

तोंडातून सवयीने काय निघून गेलं होतं, ते तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी फोनवर फोन केले, पण मयताच्या घरात फोन कोण उचलतो? 'अजून बंगळूरलाच आहे, थांबा' असा मेसेज टाकला. तोही कुणी पाहिला नाही. विमान सुटलं तेव्हा मी मनाशी धरूनच चालले होते की बाबांचं तोंड आता दिसणार नाही. विमान अगदी पावणेदोन तासांत उतरलं. त्या पावणेदोन तासांचा मला इतका संताप कधी आला नव्हता.

घरी पोचले तेव्हा पावणेतीन वाजले होते. अंगणात माणसं बसून होती आणि मधोमध बाबा होते. मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि पोटभर रडले.

"अकराला नेणार होते ना?" मी आईला विचारलं.

"काकांनी ठरवलं होतं. मी तीन सांगितले. म्हटलं, हिचे पावणेदोन म्हणजे सात तास. ह्यांनी लिहून ठेवलंय."

स्वयंपाकघरात ओट्याशेजारी कॅलेंडर होतं. मी घरी आले त्या त्या तारखेवर बाबांचं बारीक अक्षर होतं: शालू, ७-१०. शालू, ६-५०. मी निघाले की फोन करायची, तिथून ते मोजत असणार. खिळ्याला मागे जुनी कॅलेंडरंही तशीच होती, एकावर एक. एवढी लांब असते मी, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि या नोंदींबद्दल एका अक्षराने कधी बोलले नाहीत.

बाहेर काका मडकं कोण धरणार म्हणून विचारत होते.

"शाल्मली धरेल," आई म्हणाली. मग माझ्या हातात पेन्सिल दिली. "आधी आजचं लिही. ते राहिलं तर ह्यांना चालायचं नाही."

आजच्या चौकोनात मी ७-०५ लिहिलं आणि बाहेर जाऊन मडकं हातात घेतलं.