आठ पायांची कोंबडी

मी एक जुनी कोंबडी आहे. माझ्यासारखी दुसरी नाही, कारण मला आठ पाय आहेत. हसू नका मित्रांनो, आधी ऐकून घ्या.

उमरग्याला हमरस्त्यालगत पार्वतम्माची खानावळ आहे. तिच्या पुढच्या ओट्यावर मी राहते. माझे पंख फुटक्या फरशीचे, मान हिरव्या बांगड्यांच्या काचांची आणि तुरा लाल कपबशीचा. परंड्याच्या हिंमतराव मिस्त्रींनी ओट्याच्या जमिनीत एकेक तुकडा बसवून मला घडवलं. पार्वतम्मा कानडी मुलखातली. ती मिस्त्रींना म्हणाली, "ओट्यावर कोळी काढा, मोठं. लांबून दिसायला पाहिजे." कानडीत कोळी म्हणजे कोंबडी. मिस्त्रींना कुठलं कानडी? बाईची हौस, असं म्हणत त्यांनी जाळं विणणारा कोळी मांडायला घेतला.

आठही पाय बसवून झाले, तेव्हा पार्वतम्मा बाहेर आली.

"अय्यो! हे काय काढलंय?"

"कोळी. तुमीच म्हणला न्हवं?"

"अहो, कोळी म्हणजे अंडं देतं ते!"

मिस्त्रींनी कपाळावर हात मारला. सिमेंट तर वाळून गेलेलं. मग त्याच आठ पायांवर त्यांनी पंख, मान, चोच आणि तुरा चढवला. माझा जन्म झाला तो असा. मिस्त्रींना मात्र याची फार लाज वाटे. कुणी विचारलं की म्हणत, "म्या न्हाय ब्वा. सोलापूरचा कुणीतरी होता."

मला कसली लाज? हैदराबादला निघालेला एक ट्रकवाला माझे पाय मोजता मोजता असा चक्रावला, की उलटा सोलापूरला पोचला. गिऱ्हाइकं म्हणत, "अम्मा, भायेरच्या कोंबडीची तंगडी वाढा. तिच्याकडं सात उरत्याल!" माझं बघून गावातल्या कोंबड्या दिवसाला चार-चार अंडी देऊ लागल्या. खोटं वाटत असेल, तर त्यांनाच विचारा.

पुढं माझ्यावर मोटारसायकली चढू लागल्या. पंखांचे तुकडे उडाले. शेवटी पार्वतम्माचा मुलगा उमाशंकर चकचकीत फरशीचे खोके घेऊन आला. मला झाकायला त्यानं बोलावलं कुणाला? हिंमतरावांनाच! म्हातारे मिस्त्री माझ्याजवळ बसले. माझ्या मानेवरून त्यांनी बोट फिरवलं आणि मुकाट्यानं सिमेंट कालवलं.

तेवढ्यात एक गाडी करकचून थांबली. रस्त्यांवरची अशी तुकड्यांची चित्रं शोधत, त्यांचे फोटो काढत फिरणारी हर्षाली धावत उतरली.

"काका, थापी खाली ठेवा! ट्रकवाला म्हणाला, आठ पायांची कोंबडी आहे. मला वाटलं, थापा मारतोय!"

ती चक्क धुळीत पालथी पडून माझे फोटो काढू लागली. असा मान मला कधीच मिळाला नव्हता!

"कुणी केली ही? फोटोखाली नाव लिहायचंय."

"सोलापूरचा कुणीतरी होता," उमाशंकर म्हणाला.

मिस्त्रींनी थापी खाली ठेवली. हातातलं सिमेंट घट्ट होऊ लागलेलं. मग ते हळूच म्हणाले, "म्या केली, ताई. चूक झाली व्हती."

"चूक? मी चारशे गावं फिरले काका, अशी चूक कुठं बघितली नाही!"

"बावीस वर्षांनी कबूल झाले बघा!" आतून पार्वतम्मा ओरडली. "उमा, ती फरशी मोरीत लाव. माझं कोळी झाकायचं नाही."

त्या कालवलेल्या सिमेंटात मिस्त्रींनी माझे उडालेले तुकडे पुन्हा बसवले. मग हर्षालीनं त्यांना माझ्याशेजारी उभं केलं. त्यांनी टोपी नीट केली, चपला काढल्या, आणि फोटो निघाला.

मित्रांनो, वाटेत असं एखादं चित्र भेटलं, तर त्यावर गाडी चढवू नका, त्याच्या काचा उचकटू नका. फोटो जरूर काढा, पण ते कुणी केलं, एवढं विचारा. मी हजार थापा मारल्या असतील, पण ही गोष्ट खरी आहे. माझ्या फोटोत पाय मोजून बघा, दहा भरतील. आठ माझे. बाकीचे दोन, सिमेंटानं माखलेले, मला घडवणाऱ्याचे.